तलंगा अंड्यावर येताना : ऑक्टोबरची नोंद

मे महिन्यात आणलेल्या ग्रामप्रिया जातीच्या पिल्लांच्या आता तलंगा, म्हणजे अजून अंडं न दिलेल्या तरण्या कोंबड्या, झाल्यात. विसावा आठवडा उलटला, तुरे लालभडक झाले, आणि गोराईतल्या आमच्या वाडीत सकाळपासून नुसता कालवा. या वयात कोंबडी एवढी विचित्र वागते की ती आजारी आहे की अंड्यावर येतेय, हेच पटकन कळत नाही. या वेळची नोंद त्याबद्दलच.

ठिपकीचंच बघा. कोपऱ्यात जायची, तूस उकरायची, बाहेर येऊन बोंबलायची, परत आत. दाणे टिपण्यात लक्ष नाही. पाठीवर हात ठेवला की पंख किंचित पसरून जमिनीला चिकटून बसायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, पायातली ताकद गेलीय तिच्या, डॉक्टरांना दाखवून आणा." पण असं दबून बसणं ही तलंग वयात आल्याची खूण. खात्री करायला मी तिला बगलेत धरून शेपटीखालची दोन पातळ हाडं चाचपली. अंड्यावर न आलेल्या तलंगेत त्या हाडांमध्ये जेमतेम एक बोट मावतं. ठिपकीत दोन बोटं सहज मावली, आणि हाडांची टोकंही लवचिक लागली. लवकरच तिने पहिलं अंडं दिलं. लहानसं, फिकट तपकिरी, एका बाजूला रक्ताची बारीक रेघ. पहिल्या काही अंड्यांवर अशी रेघ असते, त्याने घाबरू नका. अंडं घातल्यावर मागचं लाल मांस आत गेलं की नाही, ते मात्र जरूर बघा. बाहेर राहिलं तर बाकीच्या कोंबड्या त्यावर चोची मारतात आणि बघता बघता जीव जातो. अशीला लगेच वेगळं काढा, अंधाऱ्या खोक्यात ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा.

लालीचं पहिलं अंडं बिनकवचाचं निघालं, नुसता ओला पापुद्रा. सुरुवातीला असं एखादं येतंच, पण ऑक्टोबरच्या उकाड्याचाही त्यात हात असतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि कवच बनायला लागणारं बायकार्बोनेट कमी पडतं. म्हणून दाणा भल्या पहाटे आणि ऊन उतरल्यावर देतो, दुपारी फक्त गार पाणी आणि सावली. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लेअर खाद्य पहिलं अंडं दिसल्यावरच सुरू केलं. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या पिल्लांच्या ग्रोअर खाद्यात एक टक्क्याच्या आसपास. कोवळ्या तलंगेला ते फार आधी दिलं तर मूत्रपिंडांवर ताण येतो. शिंपले वेगळ्या वाटीत ठेवलेत. किनाऱ्यावरून आणले, गोड्या पाण्यात धुतले, वाळवले आणि जाडसर कुटले. पीठ करू नका. कवच मुख्यतः रात्री बनतं, आणि जाड खडा पेषणीत (दाणे दळणाऱ्या जठरात) राहून रात्रभर हळूहळू विरघळतो. भुकटी तेवढा वेळ टिकत नाही.

चोची मारणं या पंधरवड्यात वाढलंय. गर्दी, उकाडा, प्रखर उजेड, खाद्यात प्रथिनं किंवा मीठ कमी, यातलं काहीही कारण असू शकतं. आमच्याकडे अंडी घालायची जागा उघड्यावर होती. तिथे गोणपाटाचा पडदा लावून अंधार केला आणि भांडणं बरीच थंडावली.

आता खऱ्या आजाराकडे. दार उघडल्यावर कोण शेवटी बाहेर येते, कोण पिसं फुगवून डोळे मिटून उभी राहते, हे मी रोज बघतो. अंड्यावर येणारी तलंग अस्वस्थ असते, आजारी तलंग मंदावते. मग शीट बघायची. तपकिरी, चिकट, सडका वास येणारी शीट अधूनमधून पडणारच, ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांमधून येते आणि निरोगी असते. ताजं रक्त दिसलं आणि कोंबडी मलूल असेल तर रक्ती हगवण धरून चाला. ओल्या तुसात तिचे जंतू फोफावतात, म्हणून खुराड्यातली तुसाची गादी हातात दाबून गोळा होतोय का बघा. झाला तर बदला. या हगवणीवर अँप्रोलियम हे औषध पाण्यातून देतात, मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या. हिरवी हगवण आणि वाकडी मान दिसली तर मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. त्यासाठी आठव्या आठवड्यातली आर-टू-बी लस चुकवू नये. तुऱ्यावरच्या जखमेत आणि कोंबड्यांच्या देवी रोगात गल्लत होते: चोचीची जखम एकाच जागी काळी पडून सुकते, देवीचे फोड मात्र पांढुरके येतात आणि वाढत जातात. देवी पसरवतात डास, आणि पावसानंतर आमच्या खाडीकाठी त्यांना तोटा नाही. दारांना जाळी बसवलीय.

मक्याची गोणी उघडली की आधी वास घेतो. कुबट आला तर तो मका सरळ टाकून देतो, इथल्या दमट हवेत बुरशीचं विष अंड्यावर आणि यकृतावर उठतं.

दिवा लावून दिवस वाढवायचा का, असं काहींनी विचारलंय. भरपूर अंड्यांसाठी चौदा ते सोळा तास उजेड लागतो हे खरं, आणि सध्या मुंबईत तो बारापेक्षाही कमी आहे. तरी मी इतक्यात दिवा लावणार नाही. अंगाने भरण्याआधी तलंगेला घाईने अंड्यावर आणलं की मांस बाहेर येण्याचा धोका वाढतो. काळीच्या हाडांमध्ये अजून दुसरं बोट मावत नाही, तिला आणखी वेळ देणार. कोणाकडे कावेरी जातीच्या कोंबड्या असतील तर पहिलं अंडं कितव्या आठवड्यात आलं आणि तेव्हा तलंगेचं वजन किती होतं, ते कळवा.