तुम्ही विचारलंत म्हणून: आगरातलं मीठ आणि आर्सेनिक

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर एकच प्रश्न येतो. "मॅडम, आपल्या आगरातल्या मिठात आर्सेनिक आहे असं तुम्हीच म्हणाला होतात ना? मग ते खायचं की नाही?"

खा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकायला सहसा कुणी थांबत नाही.

गावच्या शाळेत मी बोलले ते जिप्समबद्दल. आगरात पाणी आटत जातं तेव्हा मीठ लगेच पडत नाही. पाणी साधारण साडेतीन पट दाट झालं की आधी जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचं सल्फेट, तळाशी बसतं. मिठासाठी पाणी दहापट दाट व्हावं लागतं. जिप्समचा स्फटिक वाढताना क्वचित सल्फेटच्या जागी आर्सेनेट, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेलं आर्सेनिक, जाऊन बसतं. दोघांची घडण सारखी, मध्ये एक अणू आणि भोवती चार ऑक्सिजन. समुद्राच्या पाण्याचा सामू (pH) आठच्या आसपास, आणि तिथे बहुतेक आर्सेनेटवर सल्फेटइतकाच, दोन ऋण भार असतो. फक्त अंगाने ते थोराड. गंधक आणि ऑक्सिजनमधलं अंतर 1.47 अँगस्ट्रॉम, आर्सेनिक आणि ऑक्सिजनमधलं 1.69. तरीही ते कडेला चिकटतं, वर पुढचा थर चढतो आणि ते आत कोंडलं जातं.

मुलांसमोर स्फटिक उंच धरून मी म्हणाले, "म्हणजे समुद्रातलं विष आपल्या आगरात अडकतं." तेवढंच वाक्य गावभर फिरलं.

माझे एक चुलतकाका शिरोड्याच्या बाजूला मीठ पिकवतात. 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडं. एप्रिल-मे हा त्यांचा विक्रीचा हंगाम. लोणची, आगळ, सुकी मासळी, सगळी पावसाळ्याची बेगमी त्यांच्या मिठावर होते. त्या वर्षी मी गेले तेव्हा रस्त्याकडेच्या मांडवात पोती छतापर्यंत रचलेली होती. खालच्या पोत्यांतून पाणी पाझरून जमीन ओली झाली होती. मी बसलेली असताना एक बाई आल्या, दर वर्षी मासळीसाठी मीठ नेणाऱ्या. पोत्यात हात घातला, खडे तळहातावर घेतले, दर विचारला. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. खडे परत पोत्यात टाकले, पदराला हात पुसला आणि समोरच्या दुकानातून पिशवीतलं मीठ घेऊन गेल्या. काका काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "गो बाय, तू मिठात ईख आसा म्हणान सांगलंस?" ईख म्हणजे विष.

मी तसं म्हणाले नव्हते. आजही हेच म्हणेन. उघड्या समुद्राच्या एका लिटरमध्ये आर्सेनिक दोन मायक्रोग्रॅमच्याही आत असतं, आणि त्याच लिटरमधून सत्तावीसेक ग्रॅम मीठ निघतं. सगळंच्या सगळं आर्सेनिक मिठातच उतरलं असं धरलं, तरी दिवसाला दहा ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या पोटात एक मायक्रोग्रॅमही जात नाही. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा लिटरला दहा मायक्रोग्रॅम आहे. शिवाय मिठाच्या स्फटिकात आर्सेनेटला बसायला जागाच नाही.

पण हे आकडे शाळेत बोलले त्या दिवशीही मला पाठ होते. समुद्रात एका आर्सेनेटमागे दहा लाखांहून जास्त सल्फेट असतात, हेही माहीत होतं. मी ते सांगितलं नाही, कारण त्याने वाक्याची धार गेली असती. लोकांना सांभाळून घेत विज्ञान सांगायचं नसतं, असं मी तेव्हा म्हणायचे. अजूनही मला ते पूर्ण चूक वाटत नाही. पण आकडा सांगणं म्हणजे सांभाळून घेणं नव्हे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्याहून मोठी चूक काकांच्या पुढच्या प्रश्नाने दाखवली. "मगे ती खपली खंय टाकू?" वाफ्याच्या तळाची जिप्समची पांढरी खपली ते खरवडून बांधावर टाकतात. मी "अडकतं" म्हणाले होते, जसं काही कायमचं. जिप्सम लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमच्या वर विरघळतं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे चौरस मीटरवर तीन हजार लिटर. हिशोबाने सहा किलो खपली एका पावसाळ्यात वाहून जाऊ शकते, आतल्या आर्सेनिकसकट. त्यातलं काही जांभ्या मातीतल्या लोहाला चिकटेल, बाकीचं आलं त्या खाडीत परत जाईल.

माझं खरं काम ज्या खनिजावर आहे ते जॅरोसाइट तर खूप जास्त आर्सेनिक धरतं. सामू तीनच्या खाली असलेल्या खाणीच्या पाण्यात साचणारं हे पिवळं लोहसल्फेट. पण तेही आम्लातच टिकतं. साध्या पाण्यात हळूहळू गंजाच्या जातीचं खनिज बनतं, आणि हवा नसलेल्या चिखलात जिवाणू त्यातलं लोह विरघळवतात. मग आर्सेनिक मोकळं. वर्षानुवर्षं हे बघत असून मी मुलांसमोर "अडकतं" म्हणून थांबले.

काका खपली अजून बांधावरच टाकतात. कुठे टाकावी हे मी त्यांना सांगू शकलेले नाही. यंदा मेमध्ये तिथली पिशवीभर उचलून आणली आहे. दुसरी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, त्याच जागेवरून आणायची आहे.