तुम्ही विचारलंत म्हणून: लॅब शांत असतो का?

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे: "मुलांसाठी लॅब घ्यायचा म्हणतोय, शांत असतो ना हो तो?" त्या वेळी शेवंती, म्हणजे आमची पाच वर्षांची पिवळी लॅब्रॅडॉर, फिरून आल्यामुळे माझ्या पायाशी अंग टाकून पडलेली असते, आणि विचारणाऱ्याला उत्तर समोरच दिसते आहे असे वाटते. माझे उत्तर मात्र ठरलेले आहे. लॅब गरीब असतो, शांत नसतो. आणि बोलताना आपण हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, तिथेच घोटाळा होतो.

शेजारच्या चार वर्षांच्या मुलीने कान ओढला तरी शेवंती गुरगुरत नाही, उठून दुसरीकडे जाऊन बसते, हा झाला गरीबपणा. (कान ओढू द्यावा असे मी म्हणत नाही, शिस्त मुलांनाही लावावीच लागते.) शांत नसणे म्हणजे काय, ते आम्ही तिच्या पहिल्या दोन वर्षांत शिकलो. सहाव्या महिन्यापासून तिने सोफ्याचा एक हात, मीटरच्या खोलीतला झाडू आणि घरातल्या चपलांचे डावे पाय कुरतडून संपवले. उजव्या पायांना तिने कधी तोंड लावले नाही, याचे कारण मला आजही कळलेले नाही.

नावात लॅब्रॅडॉर असले तरी ही जात मूळची कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरची आहे. गळातून निसटलेले मासे आणि जाळ्यांचे दोर बर्फगार पाण्यातून ओढून आणण्यासाठी तिथले कोळी यांचे पूर्वज पाळत. एकोणिसाव्या शतकात हे कुत्रे इंग्लंडात पोहोचले, शिकारीत पडलेले पक्षी अलगद तोंडात धरून आणू लागले, आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. दिवसभर काहीतरी उचलून आणण्यासाठी पिढ्यानपिढ्या निवडलेला हा प्राणी आपण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणतो आणि त्याला काहीच काम देत नाही. मग तो स्वतःच काम शोधतो आणि चपलांना ते भोगावे लागते.

त्यामुळे शेवंतीला रोज दीड तास लागतो, आणि तो नुसता पट्ट्याला धरून रमतगमत फिरण्याचा नव्हे. नाशिकची हवा थंड असते ही समजूत जुनी झाली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि बर्फगार पाण्यासाठी घडलेला तिचा दुहेरी केसांचा अंगरखा अंगावरच असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकतो. म्हणून उन्हाळ्यात आम्ही पहाटे साडेपाचला निघतो आणि संध्याकाळी डांबरावर हाताचा मागचा भाग काही क्षण टेकवून पाहिल्याशिवाय तिला खाली उतरवत नाही. "उकडत असेल, केस भादरून टाका" हा सल्ला हमखास मिळतो, पण तो ऐकू नये: तेच केस उन्हापासून कातडीचा बचाव करतात. पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही तेव्हा तिचे खाणे घरभर वाट्यांखाली लपवून तिला शोधायला लावतो. वीस मिनिटे नाकाचे काम केले की ती तासभर पळाल्यासारखी थकते.

खाण्याबद्दल मात्र मी अजिबात माया दाखवत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नेणाऱ्या एका जनुकाचा तुकडा बऱ्याच लॅब्रॅडॉरमध्ये गळालेला असतो. समोरचे केविलवाणे डोळे म्हणजे भूक नव्हे, हे घरातल्या आजीला पटवायला आम्हाला वर्ष लागले. वजन वाढले की या जातीचे आधीच कच्चे असलेले खुबे आणि कोपरे दुखू लागतात. म्हणून बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, हा आमचा मापदंड आहे.

आणि नाशिककरांना मुद्दाम सांगावे लागते ते हे, की आपल्या जिल्ह्याचे नाव ज्या दोन पिकांनी झाले, ती दोन्ही कुत्र्याला विष आहेत. कांदा कच्चा असो की फोडणीतला, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि किती मणी चालतील याचा भरवसा देता येत नाही. शेवंती दोन वर्षांची असताना आम्ही मार्चमध्ये मामेभावाच्या निफाडच्या बागेत गेलो होतो. काढणी चालू होती, वेलींखाली मणी सांडले होते, आणि आम्ही चहा घेईपर्यंत तिने एक ओळ साफ केली होती. मामेभाऊ म्हणाला, "अरे, फळच आहे!" मी तिला गाडीत घालून तासाभरात डॉक्टरांकडे पोहोचलो, त्यांनी आधी ओकारी काढली, मग दोन दिवस सलाईन लावले आणि मूत्रपिंडे नीट चालताहेत की नाही ते सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन पुन्हा पुन्हा तपासले. ती वाचली.

निफाडहून अजूनही दर हंगामात एक पेटी येते आणि थेट फ्रिजच्या माथ्यावर जाते. शेवंती खाली बसून त्या पेटीकडे एकटक पाहत राहते, आणि पाहुणे म्हणतात, किती शांत आहे हो तुमची कुत्री.