ब्रेकचा आवाज बंद केला, पण ब्रेकच गेला

ठाण्यात वर्तकनगरला आमचं सायकल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि पावसाळ्यात शनिवार संध्याकाळ म्हणजे नुसती झुंबड, कारण रविवारी पहाटे सगळ्यांना सायकलने येऊरच्या डोंगरावर चढायचं असतं. अशाच एका शनिवारी एक दादा मुलाची सायकल घेऊन आले, मुलगा नववीतला, पहिल्यांदाच मित्रांबरोबर वर जाणार होता. नवं कोरं हेल्मेट, पुढे-मागे लाईट, सगळं हौसेने घेतलेलं. म्हणाले, "फक्त हवा भरा आणि चेन बघा, ब्रेकचं मी घरीच केलंय. खूप कर्कश वाजत होते, आता एकदम शांत."

हे ऐकलं आणि मी पंप खाली ठेवला.

पुढचा ब्रेक, म्हणजे आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा, गच्च दाबून सायकल पुढे ढकलली. खरं तर पुढचं चाक जागच्या जागी अडकून मागचं चाक उचललं जायला पाहिजे, पण इथे चाक आरामात फिरत राहिलं. लिव्हर बरोबर, केबल ओढली जातेय, कॅलिपरचा, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा, दांडा पण हलतोय, मग कोरा टिश्यू डिस्कवर, म्हणजे चाकाच्या मधल्या ज्या चकतीला हे पॅड पकडतात तिच्यावर, फिरवला तर टिश्यूवर तेलाचा पट्टा. विचारलं काय मारलंय, तर घरी दाराच्या बिजागऱ्यांना मारतात तो स्प्रे, दोन्ही डिस्कवर, वर परत पॅडमध्ये जावा म्हणून नळी लावून आत.

मला खरंच धस्स झालं. येऊरला चढताना ब्रेक लागतच नाही हो, पोरगा दम खात वरपर्यंत पोचला असता आणि कळलं असतं ते खाली येताना, उपवनच्या बाजूच्या उताराच्या वळणावर, ओल्या रस्त्यावर आणि समोरून रिक्षा येत असताना.

दादा म्हणाले डिस्क पुसून द्या, उद्यापुरतं चालेल, हळू जाईल तो. मी सरळ नाही म्हटलं, कारण उतारावर हळू जायला पण ब्रेकच लागतो. पॅडचं मटेरियल तेल पिऊन घेतं, डिस्क कितीही चकचकीत पुसली तरी पॅड गरम झाला की तेच तेल परत डिस्कवर येतं. माणसाला वाईट वाटलं होतं हे दिसत होतं, पोराच्या काळजीनेच केलं होतं त्यांनी, म्हणून मी आवाज न चढवता दाखवलं की पावसात डिस्क ओली झाली, चिखल बसला की वाजते आणि थोडं ब्रेक मारून कोरडी झाली की बंद होते. तरी वाजतच राहिली तर कॅलिपर तिरका असेल, बोल्ट ढिला असेल नाहीतर पॅड संपत आला असेल. ते बघायचं असतं.

पुढचे पॅड दुकानात होते, मागचे नव्हते, ते विक्रीला उभ्या असलेल्या सायकलचे काढून लावले. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली, दर वेळी नवीन कापड घेऊन, आणि लिव्हर हँडलला टेकणार नाही अशी केबल ताणली. मग मुलालाच गल्लीत पाठवला, थोडा वेग घे, ब्रेक एकसारखा दाबत चालण्याच्या वेगावर आण, पूर्ण थांबू नको, परत तेच, पुढचा वेगळा मागचा वेगळा. नवीन पॅड असे बसवल्याशिवाय नीट पकडतच नाहीत, आणि बरेच दुकानदार हे सांगत नाहीत याचा मला राग येतो. पोरगा शेवटी जवळ येऊन म्हणाला, "काका, आता खूप घट्ट थांबते."

आणि मग हळूच म्हणाला की त्याच स्प्रेने खालच्या मजल्यावरच्या मित्राची सायकल पण केलीय.

दादांनी तिथूनच फोन लावला. तो मुलगा आईबरोबर आला तेव्हा मी शटर अर्धं ओढलं होतं. त्याचे पॅड काढले तर एका बाजूचं मटेरियल संपलेलं, नुसता पत्रा डिस्कला घासत होता, तोच आवाज यायचा आणि तोच तेल मारून बंद केला होता. त्या मापाचे पॅड माझ्याकडे नव्हते. पोरगा रडवेला झाला, पण त्याच्या आईनेच सायकल दुकानात लावायला सांगितली आणि रविवारी तो गेला नाही. सोमवारी पॅड आले, दुपारी शाळा सुटल्यावर दोघं मिळून सायकल घ्यायला आले.