तुम्ही विचारलंत म्हणून : गाडी ओढते का?

सात रस्त्याच्या सिग्नलला विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता विचारतात. “मालक, ह्यो डबा मागं लावल्यावर गाडी ओढती का?”

डबा म्हणजे माझा कॅरॅव्हॅन ट्रेलर, गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर. ओढते हो. दोन-सव्वादोन लिटरचं डिझेल इंजिन असलेली दणकट गाडी हजार-बाराशे किलो सपाट रस्त्यावर आरामात ओढते. ज्या सोलापूर जिल्ह्यात दिवाळीपासून शिमग्यापर्यंत एकेका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या धावतात, तिथे ओढण्याचं एवढं नवल का, हेच मला कळत नाही. विचारायचंच तर थांबते का ते विचारा. सरळ चालते का ते विचारा. डब्याची किंमत, बिछाना किती फुटी, संडासाचं काय, हे सगळं सांगून झालंय. इथे पुन्हा नाही.

आधी वजन. बनवणारा सांगतो ते रिकाम्या ट्रेलरचं. त्यात ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो, १४.२ किलोचं भरलेलं सिलिंडर लोखंडासकट तिसेक किलो, बॅटरी, गाद्या, भांडी, खुर्च्या, वर शेंगाचटणीचा डबा. दीडशे किलो कधी चढले पत्ता लागत नाही. सोलापुरात वजनकाट्यांना तोटा नाही, तेव्हा अंदाजावर राहायचं कारणही नाही. हूक गाडीलाच ठेवून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घ्या, हा अ‍ॅक्सलवरचा भार. मग हूक सोडा आणि पुढचं छोटं चाकही काट्यावर घ्या, हे एकूण वजन. वजाबाकी केली की हुकावरचा भार निघतो, पण तो कागदावरच. ट्रकचा काटा दहा-दहा, कुठे वीस-वीस किलोंच्या टप्प्यानं वाचतो. पाऊणशे किलो मोजायला तो कामाचा नाही. त्यासाठी घरातला, माणसं उभी राहतात तो काटा घ्या. चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना उटी लावा, ट्रेलर जोडल्यावर हुकाची जेवढी उंची असते त्या मापाचा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करा आणि कपलिंग, म्हणजे ट्रेलरच्या टोकाची हुकावर बसणारी पकड, त्यावर टेकवा. उंची चुकली की आकडाही चुकतो.

किती हवा? युरोपात एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के धरतात, अमेरिकेत १० ते १५. म्हणजे १,२०० किलोच्या ट्रेलरला एकीकडे ६० ते ८४ किलो आणि दुसरीकडे १२० ते १८०. दोन्ही वाचून डोकं फिरतं. आपल्याकडे बहुतेक ५० मिलिमीटरचा गोळा आणि त्याला बसणारं कपलिंग असतं. त्याच्या पाटीवर हुकावरच्या भाराची मर्यादा कोरलेली असते, बऱ्याचदा ७५ किंवा १०० किलो. हूक, कपलिंग आणि गाडी या तिघांत जो आकडा सर्वांत लहान, तो आपला. त्याच्या आत राहून जितका जास्त भार पुढे, तितकं बरं. आपल्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाचा आकडा सापडतच नाही, आणि डीलर वॉरंटीचं नाव काढून हात वर करतो. ही अडचण खरी आहे. तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पुढचा भार कमी पडला की ट्रेलर शेपूट हलवतो. पाण्याची टाकी मागच्या टोकाला असेल तर ती भरली की नाक हलकं होतं. त्यात कुणी सायकली मागे टांगल्या की संपलंच. ताशी ७० ला काही जाणवत नाही, ९० ला शेजारून व्होल्वो सुटली की तिचा वारा आधी ढकलतो, मग ओढतो आणि झुलणं सुरू होतं. अशा वेळी दोन गोष्टी अंगवळणी पडलेल्या असतात आणि दोन्ही घातक असतात: जोरात ब्रेक मारणं आणि झुलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवणं. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. वेग वाढवून ट्रेलर ‘सरळ करायचा’ सल्ला धाब्यावर हमखास मिळतो. देणाऱ्याला चहा पाजा, सल्ला तिथेच ठेवा. स्टॅबिलायझरचं, म्हणजे झुलणं आवरणारं, कपलिंग असेल तर आणखी एक: त्यातली घर्षणाची पॅडं कोरड्या गोळ्यावरच काम करतात. साध्या कपलिंगला गोळ्यावर ग्रीस लागतं, याला अजिबात चालत नाही. हवा भरणाऱ्या पोरानं प्रेमानं ग्रीस फासलं असेल तर गोळा थिनरनं पुसा, आणि पॅडांना लागलं असेल तर ती बदला.

आता टेंभुर्णीजवळ माझ्या ट्रेलरच्या चाकातून धूर निघाला, त्याचं. निम्मे लोक त्याबद्दलच विचारतात, उरलेले ते ऐकून ‘डबा कंडम’ असा निकाल देऊन मोकळे होतात. डबा कंडम नव्हता. काय झालं ते एकदा नीट लिहितो.

माझ्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहे. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, कपलिंगचा दांडा आत सरकतो, तो एक लिव्हर ढकलतो, लिव्हर खालचा रॉड ओढतो आणि रॉडपासून केबली दोन्ही चाकांच्या शूजना, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांना, ओढतात. ना वायर, ना कंट्रोलर. एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिला तेव्हा तक्रार होती ‘ब्रेक उशिरा लागतो’. गॅरेजनं मधल्या रॉडचा नट आवळून ढील काढली. नव्वद टक्के ठिकाणी हेच करतात, कारण नट समोर दिसतो आणि त्यासाठी चाक काढावं लागत नाही. ढील मात्र तिथली नव्हती, शूज झिजल्याची होती. रॉड ओढून ठेवला की शूज ड्रमला सतत घासत राहतात.

एप्रिलची दुपार, पुण्याचा रस्ता. मोहोळ सोडल्यावर गाडी चढ नसताना एक गिअर खाली मागू लागली. ही पहिली खूण, आणि तिच्यासाठी उलट्या वाऱ्याला दोष देणं फार सोपं असतं. मग जळक्या लायनरचा वास आला. उसाच्या गाड्यांच्या रस्त्यावर तो कुणाचाही असू शकतो. टेंभुर्णीच्या अलीकडे आरशात डाव्या चाकामागे धूर दिसला. उजवा हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, कोमट होता. डाव्याची प्लास्टिकची टोपी वितळून वाकडी झालेली, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे फराटे चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत सरळ उडालेले. जमलेल्यांपैकी एक जण पाण्याची कळशी घेऊन आला. तापलेल्या ड्रमवर गार पाणी ओतलं तर ओतीव लोखंड तडकतं; नको म्हणून सांगावं लागलं, तेही दोनदा. चाकाची हवा तशीच ठेवली, गाडी सावलीत घेतली आणि वाट बघितली. दुसरं करण्यासारखं काही नसतं.

हब उघडला उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या एका फिटरनं. स्प्लिट पिन आणि किरीटाचा नट निघाला. बाहेरची ३०२०४ नंबरची बेअरिंग जेमतेम शाबूत होती. आतल्या ३०२०६ चे रोलर मात्र पिंजऱ्यातून सुटून एकमेकांवर घासून चपटे झालेले, आणि तिची आतली कडी स्टबला, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या दांड्याच्या टोकाला, चिकटून बसलेली. ती छिन्नीनं फोडून काढल्यावर खालचा स्टब निळा दिसला. मोराच्या गळ्यासारखा, अगदी सुंदर. पोलाद साधारण ३०० अंशांच्या आसपास गेलं की असा रंग धरतं. साधं लिथियम ग्रीस १८०-१९० अंशांना वितळून वाहू लागतं, लिथियम कॉम्प्लेक्स २६० च्या आसपास. म्हणजे क्रम स्पष्ट होता: शूज घासले, ड्रम तापला, ग्रीस पातळ झालं, ऑइल सील जळलं, ग्रीस शूजवर आलं, बेअरिंग कोरडी पडली. ‘बेअरिंग हलक्या दर्जाची होती’ हे गॅरेजचं म्हणणं मला आजही मान्य नाही. उजव्या बाजूची तीच बेअरिंग होती, आणि तिला काही झालं नव्हतं. त्या बाजूचे शूज जास्त झिजलेले, म्हणून ते घासलेच नाहीत.

फिटरनं नवी बेअरिंग आणि सील घातलं, रॉड पूर्ण ढिला केला. त्या अवस्थेत ट्रेलरला ब्रेक नव्हता, म्हणून ताशी ३० नं, पार्किंग लाइट लावून, कडेकडेनं. पुढे फिटरशी खरा वाद स्टबचा झाला. “कापून नवीन स्टब वेल्ड करून देतो, धा टन ऊस वढणाऱ्या ट्रॉलीला करतो की आम्ही!” त्याचं खोटं नाही. ट्रॉली ताशी २५ नं जाते आणि स्टब तुटलाच तर ऊस रस्त्यावर सांडतो. ८० च्या वेगात चाक निखळून समोरच्या दुचाकीवर जाणं ही वेगळी गोष्ट आहे. मी अख्खा अ‍ॅक्सल बदलला. तो मला अजून वेड्यात काढतो. पैशाच्या हिशेबात तो बरोबर असेलही.

ब्रेक लावून घ्यायची खरी पद्धत अशी. ट्रेलर जॅकवर, मग स्टँडवर; हँडब्रेक खाली, कपलिंगचा दांडा पूर्ण बाहेर ओढलेला. रॉड आणि केबली आधी पूर्ण ढिल्या करा. मग प्रत्येक चाकाच्या मागच्या प्लेटवरच्या अ‍ॅडजस्टरनं शूज आवळा, चाक पुढच्या दिशेनं फिरवत, ते जाम होईपर्यंत. मग चाक मोकळं फिरेल इतकाच अ‍ॅडजस्टर मागे. दोन्ही चाकं झाल्यावर केबलींची ढील, आणि सर्वांत शेवटी रॉड, लिव्हरशी खेळ उरणार नाही पण ताणही येणार नाही इतका. चाक पुढच्याच दिशेनं फिरवायचं. उलटं फिरवलं तर रिव्हर्ससाठीची सोय शूजना सैल करते आणि माप फसवं येतं. बेअरिंगचा नट चाक फिरवत आवळून रोलर बसवायचे, मग सोडायचा, मग फक्त बोटांनी घट्ट आणि पिन. पान्यानं आवळून पिन ठोकणारा माणूस दिसला की ट्रेलर परत घ्या.

पूर्वी मी सगळ्यांना सांगत असे, दर वर्षी बेअरिंग उघडा. आताही १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष हेच तोंडात येतं, पण मनात दुसराच आवाज असतो: बंद, नीट चालणारा हब उघडायला लावून तू किती लोकांचे नट चुकीच्या हातात दिलेस? त्या आवाजाला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. न उघडता तपासायचं असेल तर दर थांब्याला इन्फ्रारेड पिस्तुलानं दोन्ही हब मोजा. मे महिन्यात दोन्ही ७० अंश दाखवत असतील तर दोन्ही ठीक असू शकतात. एक ५५ आणि दुसरा ८५ असेल तर पुढे जाऊ नका.

बाकीचं थोडक्यात. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उन्हात उभे राहून मरतात. नक्षी कोरी दिसली तरी सहा वर्षांनी बदला. हवा सकाळी थंड टायरला तपासा. पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय वाढतो, म्हणून दुपारी वाढलेली हवा काढून टाकायची नाही. छताचे सांधे मृगाच्या आधी बघा, आणि हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन तिथे लावू नका: त्यावर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही. आत ब्यूटाइल टेप, वर पॉलियुरेथेन. लेड अ‍ॅसिड बॅटरी विश्रांतीत १२.१ व्होल्टच्या खाली गेली की ती निम्म्याहून जास्त रिकामी आहे, पंखा बंद करा. बोअरच्या पाण्यानं पंपाची गाळणी चुन्यानं बसते. आरटीओत ट्रेलरची नोंदणी वेगळी, विमा वेगळा; गाडीच्या एमएच १३ च्या कागदांत तो आपोआप येत नाही.

राहिला प्रश्न ब्रेक ओव्हररन हवा की इलेक्ट्रिक. ओव्हररन कुणाच्याही जीपमागे चालतो, आणि त्याचं दुखणं ट्रॉलीवाल्यालाही कळतं. पण घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली की इंजिन गाडीला अडवतं, ट्रेलर रेटतो आणि त्याचे ब्रेक लागूनच राहतात. म्हणजे गाडीचे ब्रेक वाचवायची युक्ती ट्रेलरचे ब्रेक तापवते. तुळजापूरचा घाट छोटा, तिथे निभावतं. वाईकडे उतरणाऱ्या पसरणी घाटात दोनदा थांबून हब मोजावे लागतात. इलेक्ट्रिकला किती ब्रेक लावायचा ते ड्रायव्हरच्या हातात, शेपूट हललं तर एकट्या ट्रेलरचा ब्रेक दाबता येतो. पण चाकातले शूज दाबणारे विजेचे मॅग्नेट, ड्रायव्हरजवळचा कंट्रोलर, सगळं बाहेरून, आणि मोहोळला बिघडलं तर मोहोळला दुरुस्त होणार नाही. गाडीपासून मागपर्यंत ६ स्क्वेअर मिलिमीटरची वायर ओढून ठेवलीय, दोन मॅग्नेट मिळून सहाएक अँपिअर घेतात, तिला ते जड नाही. कंट्रोलर अजून घेतलेला नाही.