रेघवाला सुतार, प्लेट ३: चोचीनं घात केला

मंडळी, अमेरिका खंडातल्या रेघवाल्या सुतारपक्ष्याच्या (ड्रायोकोपस लिनिएटस) पाच उपजाती मी जलरंगात काढतेय. त्यातलं तीन आठवड्यांचं काम काल रात्री नळाखाली धरलं.

मागच्या खेपेला सिमिलिस या उपजातीचा नर पुरा झाला म्हणून फोटो टाकला होता. तुम्ही भरभरून कौतुक केलंत, पण चोच कुणालाच खटकली नाही. मलाही नाही. मी ती पेन्स ग्रे या निळसर राखाडी रंगानं काळपट केलेली! सिमिलिसची चोच हस्तिदंती असते, पूर्व मेक्सिकोपासून पार वायव्य कोस्टा रिकापर्यंत. काळपट चोच तिथून दक्षिणेच्या लिनिएटस उपजातीची. माझा रेफरन्स फोटो निघाला पनामाचा, म्हणजे लिनिएटसचा, आणि तो चुकीच्या फोल्डरात टाकणारी मीच.

आधी ओल्या ब्रशनं रंग उचलून पाहिला. ढिम्म. मग ब्लेडनं खरवडला, तर दुसऱ्याच फेरीत कागदाची लव उठली. दुकानदार शपथेवर सांगत होता, शंभर टक्के कॉटन! वरून पांढरा गॉश (अपारदर्शक जलरंग) चढवला, तर खालचा राखाडी डोकावून चोच निळसर दिसायला लागली. पक्ष्यानं खडू खाल्ल्यासारखी. तेव्हा नळ सोडला.

गालावरून मानेपर्यंतची पांढरी रेघ मात्र झकास जमली होती, मास्किंग फ्लुइडशिवाय (कागद झाकायचा, नंतर सोलून काढायचा द्रव), नुसता कागद राखून. ते फ्लुइड मी कायमचं सोडलंय. सोलताना कागदाची सालही निघते. पाठीवरच्या दोन रेघाही वेगळ्या राहिल्या होत्या. फिकट चोच आणि खाली जुळणाऱ्या रेघा म्हणजे थेट कँपेफिलस गॉटेमालेन्सिस हा वेगळाच सुतारपक्षी, मग डोकं पूर्ण लाल करून मोकळं व्हायचं. काळ्या पाठीचा वॉश दांडेलीच्या पांढऱ्या पोटाच्या सुतारावर गिरवलेला, तोही ड्रायोकोपसच. तो हात इथे कामी आला.

आता पाच अख्खे पक्षी नकोत. सोनोराकडून खाली अर्जेंटिनापर्यंत एकच उभी पट्टी, नुसती डोकी आणि पाठी. वर पश्चिम मेक्सिकोचा स्कॅप्युलॅरिस, गालावरची रेघ जेमतेम. मग सिमिलिस, लिनिएटस, बाजूला पश्चिम इक्वेडोरचा लहानखुरा, तपकिरी झाक असलेला फुसिपेनिस. तळाला आग्नेय ब्राझीलकडच्या अटलांटिक जंगलातला एरिथ्रॉप्स, याच्या पाठीवरच्या रेघा बऱ्याचदा गायबच.

आणि हे लिहितानाच सुचलं: एरिथ्रॉप्सशेजारी सेलियस गॅलिएटस हा दुसरा सुतारपक्षी हवाच! त्याच अटलांटिक जंगलातला, इतका हुबेहूब की पूर्वी त्यालाही ड्रायोकोपसच म्हणायचे. डीएनएनं तो सेलियस ठरवला. म्हणजे पट्टी तळाशी रुंद करावी लागणार.

नवा कागद ताणून ठेवलाय. स्कॅप्युलॅरिसच्या मादीचा बाजूनं काढलेला फोटो असेल तर द्या, कपाळ काळं दिसणारा. आणि ठिकाण लिहून द्या, हात जोडते.