जायकवाडीपर्यंत

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न विचारायला धाडस लागतं. उत्तर मिळत नाही असं नाही, पण ते भलत्याच प्रश्नाचं मिळतं.

गेल्या पावसाळ्यातलीच गोष्ट. एकाने विचारलं, "गंगेला पाणी किती आलंय?" गंगा म्हणजे आमची गोदावरी. नाशिककराला याचं उत्तर द्यायला यंत्र लागत नाही. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभाच आहे. पाणी त्याच्या पायाशी, कमरेला की छातीला, एवढं सांगितलं की गावाला पूर कळतो. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं, तर मग विचारायचीही गरज उरत नाही.

पण पहिलं उत्तर आलं व्हिडिओचं. घाट बुडालेला, पाणी लालभडक. लगेच कुणीतरी, "हा 2019 चा आहे." त्यावर, "असेना का, परिस्थिती तीच आहे." मग घाटावरचं काँक्रीट, महापालिका, तुंबलेली गटारं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं यावर दोन वेगळे आकडे आले आणि दोघांनीही आपापला आकडा 'आतल्या गोटातून' आणलेला. पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले काका त्यात उतरले तेव्हा चर्चा जायकवाडीला, म्हणजे गोदावरीवरच्याच खालच्या, मराठवाड्यातल्या धरणाला पोचली. 2005 चा कायदा, समन्यायी पाणीवाटप, आमचं पाणी आणि त्यांचं पाणी. मध्येच एक गुलाबाचं फूल, शुभ दुपार. एका ताईंनी, "डी विंगच्या टाकीत पाणी नाहीये," असं लिहिलं, तर काकांना तो आपल्यालाच मारलेला टोमणा वाटला. त्यांनी उत्तर दिलं, "अभ्यास वाढवा."

हेच काका सकाळी लिफ्टचं दार धरून थांबतात, माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करतात. लिफ्टमध्ये त्यांनी आजवर कुणाला अभ्यास वाढवायला सांगितलेला नाही. सांगतील कशाला? तिथे ऐकायला तिसरं कोण असतं? माझा तर पक्का समज झालाय, की ग्रुपवरचं उत्तर विचारणाऱ्यासाठी नसतंच. ते असतं न बोलता सगळं वाचणाऱ्या बाकीच्या शे-दीडशे जणांसाठी. काका मेसेजवर बोट दाबून धरतात आणि कुणी कुणी वाचलं ती यादी बघतात, हे मी पार्किंगमध्ये डोळ्यांनी पाहिलंय. 2022 पासून मेसेजला खालच्या खाली अंगठा चिकटवायची सोय झाली, तेव्हापासून तर या मुक्या श्रोत्यांना टाळ्याही फुकटात वाजवता येतात.

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला होते. अशा कुठल्याही व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला उठून स्वतःचंच भाषण सुरू करणारा एक इसम असतोच. पण तिथे मागून कुणीतरी खोकतं, कुणी चप्पल शोधायला लागतं, आणि गडी आवरतं घेतो. ग्रुपवर कुणाचं खोकणं ऐकू येत नाही. शंभर जण कंटाळून फोन उलटा ठेवतात, आणि लिहिणाऱ्याला वाटतं, सभा तल्लीन झालीय.

या गदारोळात सी विंगच्या वहिनींचा एक मेसेज होता. त्यांचं भांडी बाजारात दुकान आहे. "मारुतीच्या कमरेच्या वर गेलंय. माल वर चढवतोय." विचारलेल्या प्रश्नाचं दिवसभरातलं एकमेव नेमकं उत्तर. त्याला ना अंगठा आला, ना हात जोडलेले आले. तोवर वाद मराठवाड्यात शिरला होता.

काका मात्र तेवढ्यापुरते गप्प झाले होते. का, ते मला संध्याकाळी वहिनींकडून कळलं. मेसेज वाचला आणि गडी ॲक्टिव्हा काढून थेट दुकानात. पातेली, पिंपं, तांब्याचे बंब, सगळं माळ्यावर चढवायला ते त्यांच्याबरोबर होते. त्याबद्दल ग्रुपवर त्यांनी चकार शब्द काढला नाही.

रात्री साडेदहाला जायकवाडीवर त्यांचा पुढचा मेसेज आला. तीन भागांत.