तुम्ही विचारलंत म्हणून : आवडती अभिनेत्री कोण?

मी दादरला मुलांचे नाटकाचे वर्ग घेते, त्यामुळे पालक हमखास विचारतात, मॅडम तुमची आवडती अभिनेत्री कोण? सुलभा देशपांडे म्हटलं की जरा शांतता होते, मग कुणीतरी म्हणतं, हां, इंग्लिश विंग्लिशमधली श्रीदेवीची सासू ना? हो, त्याच. पण तेवढ्यावर सोडवत नाही मला.

सुलभाताई मुळात शिक्षिका, इथेच आपल्या छबिलदास शाळेत शिकवायच्या. १९७१ मध्ये त्यांचे पती, दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि त्यांनी रंगायन या नाट्यसंस्थेतून बाहेर पडून इतरांसोबत आविष्कार ही नवी नाट्यसंस्था सुरू केली, १९७४ पासून त्याच शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग व्हायला लागले, आणि छबिलदास चळवळ म्हणतात ती हीच. ना मोठं स्टेज ना पडद्याचा थाट, प्रेक्षक अगदी समोर, तिथे खोटं बोललात तर लगेच कळतं. आणि एवढं सगळं चालू असताना मुलांसाठी चंद्रशाला, म्हणजे आविष्कारचा बालनाट्य विभाग! त्यांच्या दुर्गा झाली गौरी या नाटकात स्टेजभर मुलंच मुलं. हे मला सगळ्यात मोठं वाटतं. कारण बालनाट्य म्हणजे सुट्टीतला टाइमपास असं समजणारे आजही भेटतात, आणि पोरांची तालीम घेणं म्हणजे काय असतं ते ज्याने घेतलीय त्यालाच माहीत.

पुढे १९८७ मध्ये अरविंदराव गेले, तरी आविष्कार थांबली नाही. २०१६ मध्ये सुलभाताई गेल्या. या सगळ्या वर्षांत सिनेमेही खूप केले, भूमिका, चौकट राजा, बहुतेक लोकांना त्या तिथूनच माहीत.

पण मला विचाराल तर त्यांची सगळ्यात आवडती भूमिका म्हणजे शिक्षिका बेणारेबाई. विजय तेंडुलकरांचं नाटक शांतता! कोर्ट चालू आहे, १९६७, दिग्दर्शन अरविंदरावांचं. पुढे १९७१ मध्ये सत्यदेव दुबेंनी सिनेमा केला त्यातही बेणारे त्याच. सगळे शेवटच्या स्वगताबद्दल बोलतात, आणि ते आहेच तसं, ज्या बाईवर खटल्याच्या खेळात सगळे मिळून तुटून पडतात तिचं. पण माझा जीव अडकतो तो सुरुवातीला. रिकाम्या हॉलमध्ये बेणारे त्या साध्याभोळ्या सामंतला आपल्या शाळेतल्या मुलांबद्दल सांगत असते, नुसती आनंदाने बोलत सुटते, आणि थोड्या वेळाने तीच शाळा तिच्याकडून काढून घेतली जाणार असते. रोज खरोखरच्या वर्गात उभी राहणारी बाई हे बोलत होती! म्हणून मोठ्या मुलांच्या बॅचला मी स्वगत नंतर देते, आधी तेवढी पानं वाचायला लावते.